अभ्यासिका हवी, पण ही खोली मोडून नको : व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
नागपूर.

सविनय नमस्कार.

प्राणिशास्त्र विभागाच्या फलकावर आपली सूचना लागली आहे. विभागातली पेशीसंवर्धनाची खोली आणि तिला लागून असलेली कीटक संगोपनाची खोली ३१ मेपर्यंत रिकामी करायची, तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होणार, आणि तोवर वीज वाचवण्यासाठी सुट्टीच्या काळात दोन्ही खोल्यांतले एसी आणि बीओडी (ठरावीक तापमान राखणारी कपाटं) बंद ठेवायचे. सूचनेला जावक क्रमांक आहे, सही आहे, शिक्का आहे. कारण मात्र एका ओळीत उरकलंय : सदर खोल्यांचा विद्यार्थ्यांना रोजगाराच्या दृष्टीने उपयोग नाही.

विभागातर्फे आम्ही लेखी विनंती केली, सचिव साहेबांना भेटलो, 'बघू' असं उत्तर मिळालं. फलकावरची तारीख मात्र तशीच आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मला संस्थेची अब्रू काढायची नाही, एक खोली वाचवायची आहे.

मी या विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे मे महिन्यात मला मानधन नसतं, हे मंडळाला ठाऊक आहेच. पेशींना उन्हाळी सुट्टी कळत नाही. दर तीन-चार दिवसांनी त्यांना नव्या माध्यमात, म्हणजे ताज्या पोषक द्रवात, हलवावं लागतं, नाही तर त्या मरतात. म्हणून मी आणि आमचे परिचर काका नवतपातसुद्धा येतो, तोंडाला दुपट्टा बांधून, कुणी न सांगता. याचे उपकार कुणावर नाहीत. पण ज्या खोलीसाठी बिनपगारी यायचं तिच्यावर 'उपयोग नाही' असा शेरा पडला, तर तो मुकाट्याने वाचून पुढे जाता येत नाही.

खोलीत काय आहे ते आधी सांगते, कारण सूचना काढण्यापूर्वी मंडळातलं कुणी आत डोकावल्याचं आम्हाला तरी माहीत नाही. एक लॅमिनार (निर्जंतुक हवेच्या झोतात काम करायचं कपाट), एक उलटा सूक्ष्मदर्शक आणि एक बीओडी. बीओडीत २७ अंशांवर ठेवलेले चपटे फ्लास्क, त्यांत पिवळसर माध्यम. नुसत्या डोळ्यांना त्यात काही म्हणजे काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तळाशी गोल, चकचकीत कडांच्या पेशी दिसतात. निरोगी असतील तर फ्लास्कच्या कडेला तळहाताने दोन-चार टपल्या मारल्या की सुटतात आणि माध्यमात तरंगू लागतात. त्या टपल्या किती जोरात मारायच्या हे कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. हलक्या मारल्या तर निम्म्या पेशी तळाशीच राहतात, जोरात मारल्या तर फुटतात. एमएस्सीच्या मुलांना हे हातात बसायला अर्धं सत्र जातं, आणि एकदा बसलं की ती मुलं कुठल्याही प्रयोगशाळेत न बिचकता उभी राहतात.

या पेशींचं नाव एसएफ-२१. १९७७ साली अमेरिकेत लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून त्या तयार केल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जाताहेत. हीच लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात उतरली आणि मक्याचे पोंगे पोखरू लागली, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना ३७ अंशांचा उबारा लागतो, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं. यांना त्यातलं काही लागत नाही. म्हणून तर आमच्यासारख्या महाविद्यालयाला त्या परवडतात.

रोजगाराचा मुद्दा सूचनेत आहे, तर तो आधीच निकालात काढते. याच पेशींपासून वेगळ्या केलेल्या एसएफ-९ पेशींमध्ये कोव्होव्हॅक्स या करोना लशीचं प्रथिन तयार होतं. ती लस पुण्यात बनली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिला आपल्याकडे आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. कीटकपेशी हाताळू शकणाऱ्या मुलामुलींना पुण्या-हैदराबादेत काम मिळू शकतं, हे सांगायला एवढं एकच उदाहरण पुरे. पण मंडळासमोर मला मांडायचा आहे तो मुद्दा वेगळा आहे, आणि तो वासाचा आहे.

१९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी सस्तन प्राण्यांच्या नाकातले गंधग्राही, म्हणजे वासाचा रेणू ओळखणारी प्रथिनं, शोधली. पुढे २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९९९ मध्ये चिलटाचे, म्हणजे केळ्यांवर घोंघावणाऱ्या ड्रोसोफिलाचे गंधग्राही सापडले. सगळ्यांची समजूत होती की काम करण्याची रीत तीच असणार. २००६ मध्ये कळलं की कीटकांचे ग्राही पेशीच्या पटलात, म्हणजे आवरणात, चक्क उलटे बसलेले आहेत. आणि २००८ मध्ये, एका जपानमधल्या आणि एका जर्मनीतल्या गटाने स्वतंत्रपणे दाखवून दिलं की हे ग्राही स्वतःच आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे, पेशीत शिरण्याचे मार्ग आहेत. फरक सोप्या शब्दांत असा : आपल्या नाकात वासाचा रेणू वाड्याची कडी वाजवतो, मग देवडीवाला आत निरोप धाडतो, तिथून तो आणखी दोघांतिघांच्या हाती जातो आणि मग कुठे दार उघडतं. किड्याच्या शृंगिकेत, म्हणजे डोक्यावरच्या मिशीत, वासाचा रेणू थेट दारालाच हात घालतो आणि दार उघडतं.

यातून प्रयोगशाळेच्या दृष्टीने मोठी सोय झाली. सस्तन प्राण्यांचे ग्राही परक्या पेशीत घातले तर ते बऱ्याचदा पटलापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचले तरी निरोप्यांची सगळी साखळी तिथे उभी करावी लागते. किड्याचं दोनच जनुकांत भागतं : एक त्या विशिष्ट वासाच्या ग्राहीचं आणि दुसरं ऑर्को नावाच्या सहग्राहीचं, जे बहुतेक सगळ्या कीटकांत जवळपास सारखंच असतं. तिसरं जनुक घालायचं ते चमकणाऱ्या प्रथिनाचं. वास लागला की मार्ग उघडतो, कॅल्शियम आत येतं, आणि ते प्रथिन हिरवं उजळतं. कॅमेऱ्याने उजेड मोजायचा. वास किती आणि कोणता, हे पेशीच सांगते.

टोकियोत हे झालेलं आहे. २०१० मध्ये शोजी ताकेउची आणि र्‍योहेई कांझाकी यांच्या गटांनी बेडकाच्या अंड्यात रेशमी पतंगाचे, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचे आणि चिलटाचे ग्राही बसवले आणि ती अंडी एका पुतळ्याच्या नाकात ठेवली. ठरलेला वास आला की पुतळा मान हलवायचा. गंमत म्हणून मुलांना हे सांगितलं की वर्ग हसतो, पण त्यातला मुद्दा मान हलवण्याचा नव्हता. एका पतंगाच्या कामगंधातला (मादी नराला बोलावायला सोडते त्या गंधातला) आणि दुसऱ्याच्या कामगंधातला फरक, रेणूत अगदी थोडा बदल असतानाही, त्या अंड्यांना कळत होता, तोही अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणात. नंतर त्याच मंडळींनी बेडकाची अंडी सोडून एसएफ-२१ पेशी घेतल्या. होय, आमच्या बीओडीत आहेत त्याच. त्यांत त्यांनी रेशमी पतंगाचे कामगंधाचे ग्राही बसवले. चिलटाचा जिओस्मिनचा ग्राही आणि बुरशीच्या वासाचा ग्राहीसुद्धा बसवला.

जिओस्मिन म्हणजे पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो, आणि बीटाला येतो तोही. मे महिन्यात तलावाचं पाणी खाली गेलं की पिण्याच्या पाण्याला जो मातकट वास लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच. माणसाच्या नाकाला तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असतानाही लागतो. चिलटाच्या शृंगिकेत त्याच्यासाठी एक वेगळा ग्राही राखून ठेवलेला आहे, कारण ज्या फळावर घातक बुरशी चढली आहे त्यावर अंडी घालणं त्याला परवडत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं टोकियोत, आपल्या नागपुरात काय? इथेच मला मंडळाचं लक्ष वेधायचं आहे. या तंत्रातली पेशी विकत मिळते, चमकणारं प्रथिन मिळतं, ऑर्को मिळतो. मिळत नाही तो तुम्हाला हव्या असलेल्या वासाचा ग्राही. तो शोधावा लागतो, आणि तो किड्यात असतो. ज्यांच्या पिकांची किड्यांनी नासाडी केली आहे, त्यांच्याच शेतात तो फुकट उडतोय.

माझ्या मामांची शेती सावनेर तालुक्यात आहे, कपाशीची. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं काय केलं ते या मंडळातल्या शेतकरी सदस्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हापासून सगळीकडे कामगंध सापळे लावायला सांगतात. सापळ्यात ल्यूर असते, तिच्यात मादी पतंगाच्या गंधासारखा कृत्रिम गंध भरलेला असतो आणि नर येऊन अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं धरायचं. हिशोब सोपा आहे. पण ल्यूरच कामाची नसेल तर? उन्हात पडून तिचा गंध उडून गेला असेल, किंवा मुळातच कमी भरला असेल, तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी म्हणतो, बरं झालं बाप्पा, यंदा अळी नाही. ती ल्यूर हातात घेऊन मामांनी मला विचारलं होतं, "हुंगून पाह्यलं, काहीच वास नाही येऊन राहिला. तू तं किडे शिकवतेस, सांग ना, चांगली हाये का खराब?" मला सांगता येणं शक्य नव्हतं. त्या गंधाचा वास कुठल्याच माणसाला येत नाही. येतो फक्त गुलाबी बोंडअळीच्या नराला.

त्या नराचा ग्राही एका पेशीत बसवला तर ल्यूरची परीक्षा फ्लास्कमध्ये होऊ शकते. तो गंध कोणता हे १९७३ पासून माहीत आहे. दोन जुळ्या रेणूंचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे ते, म्हणजे दोन्ही रेणू वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. हे एखाद्या महाविद्यालयाने एकट्याने करावं असं मी म्हणत नाही. पण केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे, १९७६ पासून. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथेच आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था इथेच आहे. या संस्थांच्या दारात हात तयार असलेले विद्यार्थी घेऊन जायचं, एवढंच आपल्याकडून अपेक्षित आहे. हात तयार होतात ते या खोलीत.

दुसरं उदाहरण संत्र्याचं. काटोल-नरखेड-वरुडकडे आंबिया बहार पिकायला लागला की रात्री रसशोषक पतंग येतो. मोठा, नारिंगी मागच्या पंखांचा, दिसायला देखणा. सोंडेने सालीला भोक पाडतो, रस ओढतो, त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं. त्याच्या अळ्या बागेत कधी दिसत नाहीत, त्या बांधावरच्या गुळवेलीवर नि वसनवेलीवर वाढतात, म्हणून झाडावर फवारून फार काही साधत नाही. शेतकरी संध्याकाळी बागेत धूर करतात. धुराने वास झाकला जातो आणि पतंग चुकतो. म्हणजे आमच्या शेतकऱ्याला हे शास्त्र माहीत आहे. काळोखात, लांबून, पिकलेलं संत्रं कुठलं आणि कच्चं कुठलं हे तो पतंग वासावरून ओळखतो. कळमन्याच्या बाजारात आडते हाताने चाचपून आणि रंग बघून जे करतात ते. त्या पतंगाच्या शृंगिकेतले ग्राही शोधून काढणं हा एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएचडीचा विषय आहे, आणि तो पतंग टोकियोतल्या मंडळींच्या बागेत मुद्दाम जाऊन बसणार नाही. आमच्या कीटक संगोपनाच्या खोलीत, जी आपण रिकामी करायला सांगितली आहे, त्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढताहेत. आरमोरीकडची एक विद्यार्थिनी घरून टसरचे कोष घेऊन आली होती. त्यातून निघालेल्या नराच्या कंगव्यासारख्या शृंगिका तिने पहिल्यांदा भिंगाखाली पाहिल्या तेव्हा तिने विचारलेला प्रश्न माझ्या व्याख्यानापेक्षा चांगला होता : "मॅडम, एवढं मोठं नाक कशाला, त्याला खायला तं तोंडच नाही?"

हे उद्या सकाळी यंत्र होऊन बाजारात येणार आहे असा दावा मी करत नाही. अडचणी आहेत आणि त्या मोठ्या आहेत. वास हवेत असतो, पेशी पाण्यात. हवेतला रेणू पाण्यात उतरवायचा कसा, यातच निम्मी मेहनत जाते. पेशी म्हाताऱ्या होतात, मरतात. उजेड मोजायला कॅमेरा नि प्रकाशाची सोय लागते. म्हणून काहींनी पेशीच वगळली : २०२१ मध्ये ताकेउचींच्याच गटाने डासाचा ग्राही कृत्रिम पटलात बसवून माणसाच्या उच्छ्वासात मिसळलेला ऑक्टेनॉल हा गंधरेणू ओळखून दाखवला. काम चालू आहे, विषय उघडा आहे. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणचं महाविद्यालय ज्यात आजही शिरू शकतं असे विषय थोडे असतात.

आता तक्रारी.

पहिली, आणि ती सांगताना मला थोडं हसू येतं. मंडळाने गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून 'इलेक्ट्रॉनिक नाक' आणलं. ते दर्शनी दालनात काचेच्या पेटीत आहे, पाहुण्यांना दाखवतात. आमचा त्याला विरोध नाही. पण 'वासाचं काम आता यंत्रच करतं, मग किडे कशाला' असं जे आम्हाला ऐकवलं गेलं, त्याबद्दल एवढंच सांगते. त्या पेटीत धातूच्या ऑक्साइडचे संवेदक आहेत. ते दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवलेले असतात आणि जळणारा वायू आला की त्यांचा विद्युतरोध बदलतो. गॅसगळती ओळखायला ही चीज उत्तम आहे, आणि स्वस्त आहे. पण तिला वासातला भेद फारसा कळत नाही, आणि हवेतल्या दमटपणानेही तिचं माप हलतं. उद्घाटनाला पाहुण्यांच्या अत्तराने लाल दिवा लागला, नंतर सॅनिटायझरने लागला, आणि जुलैच्या झडीत तो काहीच कारण नसताना लागायचा. शेवटी कुणीतरी प्लग काढून ठेवला. त्या पेटीवरचा आणि आमच्या खोलीवरचा खर्च मंडळाने एकदा शेजारी-शेजारी मांडून बघावा.

दुसरी तक्रार एसीची. एसी बंद करायला आमचा विरोध आहे असं कळल्यावर निरोप आला, "कूलर लावून घ्या ना." नागपुरात कूलरशिवाय कुणाचं पान हलत नाही, मलाही तो प्रिय आहे. पण कूलर ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढून आत फेकतो आणि त्या हवेत बुरशीचे बीजाणू असतात. पेशीसंवर्धनाच्या खोलीत कूलर लावला तर काही दिवसांत प्रत्येक फ्लास्कमध्ये पांढरे तंतू दिसतील आणि सगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, फेकावं लागेल. आणि बाहेर ४५ असताना बंद खोलीत बीओडी बिचारा किती रेटणार? गेल्या उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तेव्हा काकांचा फोन आला, "मॅडम, बीओडी गरम होऊन राहिला जी, काय करू?" त्यांनी फ्लास्क थर्माकोलच्या पेटीत घालून, बर्फाला थेट लागणार नाहीत असे गोणपाटात गुंडाळून सांभाळले. वर्षानुवर्षं मागितलेला इन्व्हर्टर असता तर हे करावं लागलं नसतं. खरं तर पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या की निम्मी चिंता मिटते. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे कॅन तालुक्या-तालुक्यात फिरतात, आणि एका विज्ञान महाविद्यालयात एक नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर, कारण तिच्यात पैसा लागतच नाही. दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेली पेशी प्रयोगशाळेत आणायची तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. संस्थाप्रमुख, आतले वैज्ञानिक, एक वैद्यकीय जाणकार, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला एक बाहेरचा सदस्य. हा नियम योग्यच आहे. मुलांच्या हातात असं काम द्यायचं तर त्यावर नजर हवीच. पण समिती नेमण्याची आमची फाइल कार्यालयात पडून आहे. विचारलं की कधी अध्यक्ष बाहेरगावी असतात, कधी फाइल 'वर' असते. परिणाम असा की आमच्याकडे आजही साध्या एसएफ-२१ पेशीच आहेत. ग्राही घातलेली एकही पेशी आम्हाला कायद्याने आणता येत नाही. आधी सही करायची नाही आणि मग म्हणायचं, या खोलीतून काही निघालं नाही!

चौथी, सूचना काढण्याआधी विभागाला एका शब्दाने विचारलं नाही. यावर जास्त लिहीत नाही.

अभ्यासिकेबद्दल गैरसमज नसावा. स्पर्धा परीक्षांची मुलं जिन्यावर बसून वाचतात हे मीही रोज बघते. त्यांतली कित्येक माझीच विद्यार्थी आहेत, आणि त्यांना पंखा, पाणी आणि शांतता मिळालीच पाहिजे. पण पहिल्या मजल्यावर जिमखान्याच्या मागची मोठी खोली तुटक्या बाकांनी आणि जुन्या बॅनरांनी भरलेली आहे. तिला खिडक्या आहेत, हवा आहे. पेशीसंवर्धनाच्या खोलीला तर खिडक्याच नाहीत, त्या आम्ही मुद्दाम बुजवल्या आहेत. तिथे पोरं बसवाल तर ती गुदमरतील.

आमच्या मागण्या अशा आहेत.

३१ मेची सूचना लेखी आदेशाने स्थगित करावी आणि निर्णय विभागासोबतच्या बैठकीनंतरच घ्यावा. ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त विभागाला द्यावं.

दोन्ही खोल्यांची वीज सुट्टीत तोडू नये. बीओडीला इन्व्हर्टर मिळावा. द्रव नायट्रोजनचा एक लहान कॅन घेऊ द्यावा. तो भरून आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

जैवसुरक्षा समितीच्या फाइलवर नवीन सत्र सुरू होण्याआधी सही व्हावी. सही करायची नसेल तर फाइलवर तसं कारण लिहून ती परत करावी. टेबलावर ठेवू नये.

शहरातल्या संशोधन संस्थांशी पत्रव्यवहार करण्याची परवानगी विभागाला मिळावी. त्यासाठी मंडळाकडे एक पैसाही मागणार नाही.

जिमखान्यामागची खोली अभ्यासिकेला द्यावी. बाकं हलवायला आमचे विद्यार्थी येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

आणि हे सगळं ऐकूनही मंडळाचा निर्णय कायम राहिला, तर तो लेखी कळवावा आणि निदान सत्रअखेरपर्यंत मुदत द्यावी, म्हणजे पेशी आणि कीटकांचे संच दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे नीट सोपवता येतील. हस्तांतराच्या कागदावर ताबा घेणाऱ्याची सही असते तशी ताबा सोडणाऱ्याचीही असते. ती सही मी करणार नाही. त्या जागी मंडळातल्या कोणाचं नाव घालायचं, ते आपण कळवावं.

आपली नम्र,
तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापिका,
प्राणिशास्त्र विभाग